सीमेवरील गावाची वाणी
बोरगाव परिसरातील बोली आणि पवित्र शास्त्राच्या भाषांतरकारांचा अनुभव

प्रमुख याजकाच्या वाड्याच्या अंगणात पेत्राने प्रभूला नाकारले, तेव्हा त्याला ओळखून काढले ते त्याच्या गालीली बोलीने. शास्ते या पुस्तकाच्या बाराव्या अध्यायात यार्देनेच्या उतारांवर गिलादी पहारेकरी प्रत्येक वाटसरूला एकच शब्द उच्चारावयास लावतात. ज्याच्या तोंडून ‘शिब्बोलेथ’ऐवजी ‘सिब्बोलेथ’ निघाले तो एफ्राइमी ठरला आणि प्राणाला मुकला. एका वर्णाच्या फरकाने त्या दिवसांत बेचाळीस हजार माणसे पडली, असे तेथे नमूद आहे. बोलीभेदाने माणसाचे किती बरेवाईट होऊ शकते, हे पवित्र शास्त्राच्या वाचकांस निराळे सांगावयास नको.

असे असूनही, आपल्या मंडळीतील माणसे घरात कोणती बोली बोलतात, हा प्रश्न आपण पाळक व धर्मशिक्षक स्वतःस क्वचितच विचारतो. दप्तरात ‘मातृभाषा : मराठी’ किंवा ‘मातृभाषा : हिंदी’ असे लिहिले की आपले समाधान होते. या एका शब्दाखाली काय काय झाकले जाते, हे एका लहानशा प्रदेशाच्या उदाहरणावरून पाहावे आणि आपल्या आधी तेथे व अन्यत्र काम केलेल्या भाषांतरकारांना याबाबत काय अनुभव आला, याचा मागोवा घ्यावा, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

प्रदेश आणि त्याचा इतिहास

बोरगाव हे नाव मराठी मुलखात जागोजागी आढळते. आम्हांस येथे अभिप्रेत असलेले बोरगाव मध्य प्रदेशातील सौंसर तहसिलीत, नागपूरहून छिंदवाड्यास जाणाऱ्या रस्त्याच्या पट्ट्यात आहे. सौंसर व पांढुर्णा या दोन तहसिली दीर्घकाळ छिंदवाडा जिल्ह्यात होत्या. ५ ऑक्टोबर २०२३ पासून त्यांचा पांढुर्णा हा स्वतंत्र जिल्हा झाला आहे. दक्षिणेस नागपूरचे मैदान आणि उत्तरेस सातपुड्याचा घाट, अशी या भूमीची ठेवण. घाटाखाली कापूस, ज्वारी व संत्र्यांचे बगीचे आहेत आणि पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीच्या पात्रात पांढुर्णा व सावरगाव यांच्यामध्ये गोटमार होते. घाट चढून गेले की शेती, झाडोरा व वाणी ही तिन्ही बदलू लागतात.

या प्रदेशाची वाणी त्याच्या इतिहासाने घडविली आहे. सतराव्या शतकाच्या अखेरीस हा मुलूख देवगडच्या गोंड राज्यात मोडत होता. नागपूर नगर वसविण्याचे श्रेय ज्यास दिले जाते तो बख्त बुलंद याच गादीवरचा राजा. बाहेरच्या शेतकऱ्यांस व कारागिरांस बोलावून त्याने आपल्या राज्यात वसविले, असे इतिहासकार सांगतात. अठराव्या शतकात सत्ता नागपूरकर भोसल्यांकडे गेली आणि घाटाखालील प्रदेशात मराठी ही शेतीची, बाजाराची व वसुलीची भाषा झाली. १८५३ मध्ये भोसल्यांचे राज्य खालसा झाले आणि १८६१ मध्ये मध्य प्रांत निर्माण होऊन त्यात हिंदी व मराठी जिल्हे एकत्र नांदू लागले.

१ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची पुनर्रचना झाली, तेव्हा नागपूर व वऱ्हाडाकडील आठ मराठी जिल्हे मुंबई राज्यात गेले. छिंदवाडा जिल्हा समग्रपणे हिंदीभाषक मानला गेल्याने मध्य प्रदेशात राहिला आणि त्याच्या दक्षिण टोकाचा मराठी पट्टाही त्याच्याबरोबर राहिला. तेव्हापासून येथील मुलाची शाळा व कचेरी हिंदीत आणि घर मराठीत, अशी स्थिती आहे. पुढे बोरगावास औद्योगिक क्षेत्र उभे राहिले आणि दूरदूरच्या प्रांतांतील कामगारांची हिंदीही त्यात मिसळली.

एका जिल्ह्यात तीन कुळे

घरात जी मराठी आहे ती पुण्याच्या पुस्तकातली नव्हे. सर जॉर्ज ग्रिअर्सन यांच्या भाषिक सर्वेक्षणाचा मराठीवरील सातवा खंड १९०५ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात नागपुरी व तिची सख्खी बहीण वऱ्हाडी यांचे वर्णन आहे आणि छिंदवाड्याच्या दक्षिण भागातील वाणी नागपुरीत गणली आहे. ‘मला’ येथे ‘मले’ होते, ‘डोळा’ हा ‘डोया’ होतो, ‘पाणी’ हे ‘पानी’ होते, ‘का म्हणून’ याचे ‘काऊन’ होते. आणि ‘करीत आहे’ याऐवजी ‘करून राहिला’ असे म्हणतात. हे अशुद्ध मराठी आहे असे मानणाऱ्याने ध्यानात ठेवावे, की महानुभावांचे आद्य मराठी गद्य याच विदर्भभूमीत, ऋद्धिपुरास लिहिले गेले.

या मराठीच्या शेजारी, त्याच गावांत, भोयर-पवार समाजाची बोली नांदते. आपले पूर्वज माळव्यातील धार येथून आले, अशी या समाजाची परंपरा आहे. ग्रिअर्सन यांनीही छिंदवाड्याच्या भोयरीची गणना माळवीच्या मिश्र रूपांत केली आहे. म्हणजे राजस्थानी गटातील एक बोली शतकानुशतके मराठी शेजाराने राहून मराठी शब्द व वळणे घेत आली आहे. जनगणनेच्या तक्त्यात मात्र पवारी हिंदीच्या पोटात दाखविली जाते. तक्ता वाचणाऱ्यास तिचा मराठी शेजार दिसत नाही.

घाटाकडे गोंडी आहे. गोंडी ही द्राविड कुळातील भाषा असून १८५६ च्या आपल्या तुलनात्मक व्याकरणात रॉबर्ट कॉल्डवेल यांनी तिला त्या कुळात स्थान दिले होते. त्याहून पलीकडे, जुन्या छिंदवाडा जिल्ह्याच्या वायव्य भागात व बैतुलाकडे कोरकू आहे आणि तिचेच मावासी हे एक रूप आहे. कोरकूचा गोंडीशी काहीही रक्तसंबंध नाही. ती मुंडा कुळातील सर्वांत पश्चिमेकडील भाषा असून तिची भावंडे संथाळी व मुंडारी दूर पूर्वेस राहिली. ‘कोरो’ म्हणजे माणूस, त्यास अनेकवचनाचा ‘कू’ लागून ‘कोरकू’ म्हणजे ‘माणसे’, असा त्या नावाचा अर्थ आहे.

पाण्यास मराठीत ‘पाणी’, गोंडीत ‘येर’ आणि कोरकूत ‘डा’ म्हणतात. घरास अनुक्रमे ‘घर’, ‘रोन’ आणि ‘उरा’. भारतीय आर्य, द्राविड आणि मुंडा अशी तीन भिन्न कुळे एका जुन्या जिल्ह्याच्या हद्दीत एकमेकांच्या बांधाला बांध लावून आहेत. ‘आदिवासींची भाषा’ असा एकवचनी शब्दप्रयोग आपण सहज करतो. तो या भूमीत किती फसवा आहे, हे यावरून कळावे.

छिंदवाड्याची गोंडी आणि मंडल्याची गोंडी

या भाषांची पहिली लिखित नोंद ज्यांनी केली त्यांत ख्रिस्ती सेवकांचा वाटा मोठा आहे. स्कॉटलंडच्या फ्री चर्चचे स्टीफन हिस्लॉप १८४५ मध्ये नागपुरास आले. शाळा व प्रचार सांभाळून त्यांनी गोंड, कोरकू इत्यादी समाजांच्या शब्दांच्या याद्या केल्या आणि एका परधान गायकाकडून लिंगोचे दीर्घ गीत गोंडीतच लिहून घेतले. १८६३ मध्ये प्राचीन शिलावर्तुळे पाहून परतताना नदीच्या पुरात त्यांचा अंत झाला. त्यांचे कागद सर रिचर्ड टेंपल यांनी १८६६ मध्ये प्रसिद्ध केले. ज्यांना काही सांगावयाचे त्यांचे गाणे आधी ऐकून घ्यावे, हा धडा हिस्लॉप यांनी घालून दिला.

त्याच मिशनचे जेम्स डॉसन छिंदवाड्यास राहिले. त्यांच्या गोंडी शब्दांचा व वाक्यांचा संग्रह १८७० मध्ये बंगालच्या एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात आला आणि त्याच दशकात त्यांचे शुभवर्तमानाचे गोंडी भाषांतर निघाले. आता गोंडांस शास्त्र मिळाले, असे वाटणे स्वाभाविक होते. परंतु ती गोंडी छिंदवाड्याची होती. मंडल्यास काम करणाऱ्या एच. डी. विल्यमसन यांना १८९० मध्ये तेथील गोंडीचे निराळे व्याकरण प्रसिद्ध करावे लागले. बैतुलच्या गोंडीचे व्याकरण चेनेविक्स ट्रेंच या अधिकाऱ्याने १९१९ मध्ये लिहिले आणि बस्तरच्या माडिया गोंडीसाठी १९४२ मध्ये आणखी एक व्याकरण निघाले.

हा भेद कसा असतो ते एका उदाहरणाने पाहू. मिठास पश्चिमेकडील गोंडीत ‘सोवर’ म्हणतात. पुढे आग्नेयेकडे जावे तसा आरंभीचा ‘स’ सौम्य होऊन ‘होवर’ होते आणि शेवटी तो वर्णच गळून ‘ओवर’ उरते. ‘देणे’ या क्रियापदाचीही ‘सी’, ‘ही’, ‘ई’ अशी तीन रूपे याच क्रमाने भेटतात. यार्देनेच्या उतारावर पडलेला प्रश्न सातपुड्यापासून बस्तरपर्यंतच्या अरण्यात असा पसरला आहे. प्रत्येक गाव शेजारच्या गावाचे बोलणे समजते, परंतु पहिल्या व शेवटच्या गावाची गाठ पडली तर दोघांस दुभाष्या लागतो. अशा साखळीत ‘ही एक भाषा’ आणि ‘ही दुसरी’ अशी रेघ कोठे मारावी, हे व्याकरणकाराच्याही हाती नसते.

कोरकूचे व्याकरण जॉन ड्रेक यांनी १९०३ मध्ये प्रसिद्ध केले. त्यातील एका विषयाकडे आम्ही वाचकांचे विशेष लक्ष वेधू इच्छितो, कारण तो थेट व्यासपीठाशी संबंधित आहे. मराठीत ‘आम्ही’ आणि ‘आपण’ असे दोन शब्द आहेत. पहिल्यात ऐकणारा वगळला जातो, दुसऱ्यात तो धरला जातो. हिंदीच्या ग्रंथभाषेत दोहोंसाठी एकच ‘हम’ आहे. नागपूर-छिंदवाड्याकडची बोलीभाषेतील हिंदी ‘अपन’ वापरून ही उणीव भरून काढते, पण छापील पुस्तकात तो शब्द येत नाही. कोरकूत मात्र या अर्थाचे चार शब्द आहेत, कारण तेथे दोघे आणि दोहोंहून अधिक, हाही भेद पाळला जातो.

हिंदी पुस्तकातील ‘हम पापी हैं’ हे वाक्य मराठी श्रोत्यांपुढे ठेवताना उपदेशकाने ‘आम्ही पापी आहोत’ म्हटले तर श्रोता मोकळा सुटतो. ‘आपण पापी आहोत’ म्हटले तर दोघेही एका बाकावर बसतात. उलट प्रार्थनेत देवाशी बोलताना ‘आम्ही’ हेच योग्य, नाहीतर आपल्या अपराधांत आपण देवालाच सामील करून घेऊ. कोरकू भाषांतरकारास दर ओळीस हा निर्णय चारांतून करावा लागतो. एका सर्वनामात एवढे ईश्वरविज्ञान सामावलेले असते.

१८७७ मध्ये स्वीडिश लुथरन सेवक मध्य प्रांतात आले. त्यांच्या कार्यातून उभ्या राहिलेल्या मंडळीचे मुख्य ठाणे आज छिंदवाड्यासच आहे आणि तिचा व्यवहार प्रामुख्याने हिंदीत चालतो. यात कोणाला दोष द्यावा असे नाही. शाळा हिंदी, सरकार हिंदी, निरनिराळ्या समाजांतून आलेले सभासद. अशा ठिकाणी समाईक भाषा निवडावीच लागते. तथापि प्रत्येक निवडीची काही किंमत असते आणि ती कोण मोजतो, हे पाहणे इतिहासाचे काम आहे.

मराठीतील दोन जुने दाखले

हा पेच आपल्या भाषेस नवा नाही. फादर थॉमस स्टीफन्स यांचे ‘क्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये राशोल येथे छापले गेले. ते मराठी ओवीत आहे, कारण पुराण ऐकावयाचे ते मराठीत, अशी तेथील लोकांची रूढी होती. परंतु साष्टीच्या लोकांची घरची वाणी कोंकणी होती, हे जाणून त्याच फादर स्टीफन्स यांनी प्रश्नोत्तरी कोंकणीत लिहिली आणि कोंकणीचे व्याकरणही रचले. ती दोन्ही पुस्तके त्यांच्या मृत्यूनंतर, १६२२ व १६४० मध्ये छापली गेली. पठणासाठी आदराची भाषा आणि शिकवणीसाठी चुलीजवळची भाषा, असा विवेक एकाच माणसाने केला.

दुसरा दाखला सेरामपूरचा. विल्यम केरी यांनी बंगालमध्ये बसून मराठी शिकली ती नागपूरकडील पंडित वैजनाथ यांच्या साहाय्याने. त्यांचे मराठी व्याकरण १८०५ मध्ये आणि नवा करार १८११ मध्ये निघाला. मुंबईस आलेल्या अमेरिकन मिशनऱ्यांना मात्र ती मराठी आपल्या श्रोत्यांस रुचेल व समजेल असे वाटेना. त्यांनी पुन्हा आरंभापासून काम केले आणि १८२६ मध्ये स्वतंत्र नवा करार छापला. पुढे प्रमाण मराठी ठरली ती पश्चिमेकडची. आज बोरगावच्या शेतकऱ्यास छापील शास्त्र परके वाटते याचे एक मूळ या निवडीत आहे. शतकभराने पंडिता रमाबाईंनी केडगाव येथे अशिक्षित स्त्रियांस समजेल अशा मराठीत संपूर्ण बायबल उतरविण्याचा ध्यास घेतला, तो याच उणिवेच्या जाणिवेतून. त्यांचे भाषांतर त्यांच्या निधनानंतर, १९२४ मध्ये पूर्णपणे प्रकाशात आले.

हिमालयातील एक अनुभव

नागपूरच्या पूर्वेस, तेव्हाच्या भंडारा व आताच्या गोंदिया जिल्ह्यात, गोठणगाव येथे १९७२ मध्ये तिबेटी निर्वासितांची नोर्ग्येलिंग ही वसाहत स्थापन झाली. तेथील रहिवाशांस आपण सरसकट ‘तिबेटी’ म्हणतो. परंतु तिबेटी बोलणे म्हणजेही बोलींचे एक विस्तीर्ण पठार आहे. मध्य तिबेटातील ऊ-त्सांग, पूर्वेकडील खाम आणि ईशान्येकडील आम्दो यांच्या बोलींत एवढे अंतर आहे, की आम्दोचा मेंढपाळ व ल्हासाचा व्यापारी एकमेकांचे बोलणे सहज समजत नाहीत. ल्हासाच्या बोलीत स्वराच्या चढउताराने शब्दाचा अर्थ बदलतो, आम्दोच्या बोलीत तसे होत नाही. लिहिण्याचे वळण मात्र सर्वांचे एकच आणि हजार वर्षांहून जुने. आठ या संख्येचा शब्द लिहितात ‘ब्र्ग्यद’. ल्हासात त्याचा उच्चार ‘ग्ये’च्या जवळ येतो, तर लडाखात ‘र्ग्यत’ असा जुना जोडवर्ण अजून ऐकू येतो.

मोरेव्हियन मिशनचे हाइनरिख यश्के १८५७ मध्ये लाहौलातील केलांग येथे आले, तेव्हा त्यांच्यापुढे हाच प्रश्न होता. त्यांनी ग्रंथभाषा निवडली. कारण लडाखपासून खामपर्यंत जो कोणी साक्षर असेल त्यास ती वाचता येईल. त्यांचा तिबेटी कोश १८८१ मध्ये निघाला. नवा करार त्यांच्या मृत्यूनंतर, १८८५ मध्ये प्रसिद्ध झाला आणि लडाखचे योसेब गेर्गन यांच्या आयुष्यभराच्या परिश्रमानंतर संपूर्ण तिबेटी बायबल १९४८ मध्ये लाहोरहून छापले गेले. पण केलांगच्या आसपास पट्टनी, तिनन, बुनन अशा भाषा होत्या. त्या तिबेटीच्या दूरच्या नात्यातल्या असल्या तरी तिबेटी नव्हत्या. तेथील बायकामुलांस ते भव्य पुस्तक बंदच राहिले. म्हणून पुढे ए. एच. फ्रांके यांनी त्या लहान भाषांत मार्ककृत शुभवर्तमान उतरविण्याची खटपट केली.

याच्या उलट अनुभवही तेथेच आला. विसाव्या शतकाच्या मध्यास काही लडाखी ख्रिस्ती लेखकांनी बोलण्याप्रमाणे लिहिण्याची सोपी पद्धत आणू पाहिली, तेव्हा बौद्ध समाजाने विरोध केला. ज्या अक्षरांत धर्मग्रंथ आहेत त्यांस हात लावणे त्यांना रुचले नाही. ग्रंथभाषा निवडावी तर गरिबास ती कळत नाही, बोलभाषा निवडावी तर ती मानास पात्र ठरत नाही. सातपुडा असो वा हिमालय, भाषांतरकाराचे हे दुहेरी संकट एकच आहे.

आपल्यापुढील काम

बोरगावसारख्या गावात हे संकट आणखी एका वाटेने येते. हिंदी व मराठी यांची लिपी एक, शब्द सारखे, आणि अर्थ मात्र भिन्न. हिंदीत ‘शिक्षा’ म्हणजे शिकवण, मराठीत दंड. हिंदीत ‘संसार’ म्हणजे सारे जग, मराठीत आपला घरप्रपंच. हिंदीत ‘चेष्टा’ म्हणजे प्रयत्न, मराठीत थट्टा. ‘प्रभु की शिक्षा’ हे शब्द शाळेत गेलेल्या नातवास प्रभूची शिकवण म्हणून ऐकू येतात आणि त्याच्या शेजारी बसलेल्या आजीस दंड म्हणून. एकाच बाकावर दोन निरनिराळे उपदेश पोहोचतात आणि उपदेशकास त्याचा पत्ताही नसतो.

२०११ च्या जनगणनेत गोंडी बोलणारे सुमारे तीस लाख आणि कोरकू बोलणारे सव्वासात लाखांहून थोडे अधिक होते. दोहोंपैकी एकही भाषा राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीत नाही. अनेक गोंड कुटुंबांत आज घरची भाषा मराठी किंवा हिंदी झाली आहे आणि गोंडी आजीबरोबर मागे पडत चालली आहे. मंडळीने या भाषा जगवाव्यात अशी मोठी प्रतिज्ञा करण्याचे आमच्या मनात नाही. परंतु जी आजी आज हयात आहे तिची प्रार्थना तिच्या भाषेत व्हावी, एवढे तर आपल्या हाती आहे.

म्हणून पाळक व धर्मशिक्षक बंधुभगिनींस आमची साधी सूचना अशी. कुटुंबाच्या नोंदीत ‘मातृभाषा’ या एका रकान्याऐवजी तीन प्रश्न विचारावेत : बाजारात काय बोलता, मुलांशी काय बोलता, आणि आजारपणात आईला कोणत्या भाषेत हाक मारता? ही तीन उत्तरे पुष्कळदा तीन निघतील. समाईक उपासना समाईक भाषेत चालू द्यावी, त्यावाचून मंडळी एकत्र बसणार नाही. परंतु प्रश्नोत्तरीचे वर्ग, रुग्णाची भेट आणि मरणाऱ्याच्या उशाशी म्हणावयाची प्रार्थना यांसाठी तिसऱ्या उत्तराची भाषा शिकून घ्यावी, अथवा ती जाणणाऱ्या एखाद्या वृद्धेस बरोबर न्यावे. हिस्लॉप यांनी परधानाजवळ बसून गीत उतरवून घेतले तशी एक वही प्रत्येकाने जवळ ठेवावी आणि ऐकलेले शब्द तारीखवार लिहावेत.

पन्नासाव्या दिवशी यरुशलेमेत जमलेल्या लोकांस आश्चर्य वाटले ते प्रत्येकाला आपली जन्मभाषा ऐकू आली याचे. वास्तविक त्यांतील बहुतेकांस ग्रीक किंवा अरामी समजत असणार. समाईक भाषेने काम भागले असते. तरीही त्या दिवशी पार्थी, मेदी व एलामी यांच्याशी त्यांच्या त्यांच्या वाणीत बोलणे झाले. सौंसर-पांढुर्ण्याच्या यादीत नागपुरी, भोयरी, गोंडी व कोरकू ही नावे आहेत. ती यादी आपापल्या गावापुरती पूर्ण करण्याचे काम आपणां सर्वांचे आहे.